२५० वॅटचा शिक्का आणि चोवीस किलोंची सायकल

वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक माउंटन बाइक

या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : मोटर किती वॅटची घ्यावी आणि वजन किती चालेल? एका वाक्यात उत्तर देता आलं असतं तर दिलं असतं. पण चढ कोणता, चालवणारा कोण आणि सायकल रात्री कितव्या मजल्यावर ठेवायची, यावर ते बदलतं. म्हणून पत्रं वेगवेगळीच घेतली आहेत.

प्रश्न (नाशिक) : दुकानात दोन सायकली पाहिल्या. दोन्हींवर २५० वॅट लिहिलंय. एकीची मोटर मागच्या चाकात, ४० न्यूटन-मीटर. दुसरीची पेडलपाशी, ८५ न्यूटन-मीटर, आणि किंमत कितीतरी पट. दुकानदार म्हणतो, "पॉवर सेमच आहे साहेब, बाकी ब्रँडचे पैसे." खरं आहे का?

दुकानदार खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही नाही. २५० वॅट हा आकडा मोटरची ताकद सांगण्यापेक्षा ती कायद्याच्या कोणत्या खान्यात बसते ते सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पेडलला मदत करणाऱ्या मोटरची 'तीस मिनिटांची शक्ती' ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी हवी. वेग वाढेल तशी मदत कमी होत ताशी २५ किलोमीटरला ती बंद पडायला हवी आणि पाय थांबले तर त्याआधीच. हे जमलं की ती सायकल मोटार वाहन ठरत नाही. युरोपातलं ईएन १५१९४ हे मानकही २५० आणि २५ याच आकड्यांवर उभं आहे. अर्धा तास सलग चालवून मोजलेला हा आकडा आहे. दोन मिनिटांच्या खड्या चढावर अशाच मोटरी ५००, ६००, काही तर १,००० वॅटही देतात, आणि शिक्का मात्र २५० चाच राहतो. म्हणून दुकानात 'किती वॅट' याऐवजी 'कमाल किती वॅट, आणि किती वेळ' असं विचारा.

आता टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. ४० आणि ८५ या आकड्यांची थेट तुलनाच होत नाही, कारण दोन्ही वेगवेगळ्या जागी मोजलेले आहेत. चाकातल्या मोटरचे ४० न्यूटन-मीटर थेट चाकावर येतात, गिअर कोणताही असो. पेडलपाशी बसवलेल्या मोटरचे ८५ क्रँकवर, म्हणजे पेडल जोडलेल्या दांडीवर, असतात आणि साखळीतून मागे जाताना गिअरप्रमाणे वाढतात. पुढे ३२ दातांचं चक्र आणि मागे ५१ दातांचं असेल तर चाकावर सुमारे १३५ होतात.

हे जमिनीवर आणून पाहू. चालवणारा, सायकल, पाणी आणि पिशवी मिळून १०० किलो धरा, चढ १२ टक्के, रस्ता कच्चा. वर सरकायला साधारण १३७ न्यूटन जोर लागतो : ११७ चढाचे आणि २० मातीचे. साडेसत्तावीस इंची चाकातली ४० न्यूटन-मीटरची मोटर फार तर ११४ देते. उरलेले २३ पायांनी द्यायचे, म्हणजे ताशी ८ किलोमीटरला पन्नासेक वॅट. यात अवघड काय, असं वाटेल. अडचण पुढे आहे. चाकातल्या मोटरच्या तारा ताशी २० ते २५ किलोमीटरला ती नीट चालेल अशा गुंडाळलेल्या असतात. ताशी ८ वर तिला रांगायला लावलं की आत जाणाऱ्या विजेतली जवळपास निम्मी उष्णता होते आणि बंद डब्यात कोंडून राहते. काही मिनिटांत वास येतो, आवाज किनरा होतो, आणि तरीही रेटलं तर आतले नायलॉनचे दाते मऊ पडून घासायला लागतात. चांगला कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज सांभाळणारा भाग) त्याआधी पुरवठा तोडतो. स्वस्तातला तोडेलच असं नाही.

पेडलपाशी असलेली मोटर त्याच वेगाला हलक्या गिअरवर मिनिटाला नव्वदेक फेऱ्यांनी आरामात फिरत असते, कारण गिअर तिलाही वापरता येतात. जास्तीच्या पैशांतला मोठा हिस्सा त्यासाठी जातो. ताशी ८ किलोमीटरला ६०० वॅटची मोटर चाकावर २७० न्यूटनच्या आसपास जोर देऊ शकते, गरजेच्या जवळजवळ दुप्पट.

तुमचं फिरणं डांबरी घाटांवर आणि शेतरस्त्यांवर असेल, चढ ६-७ टक्क्यांच्या आत असतील, तर चाकातली मोटर पुरते, आणि तिचे दोन फायदे कोणी सांगत नाही. साखळीवर मोटरचा ताण येत नसल्याने साखळी आणि कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) दीर्घकाळ टिकतात, आणि बिघडली तर गावातला मेस्त्रीसुद्धा उघडून पाहू शकतो. पंक्चरच्या वेळी मात्र वायरचा जोड आधी सोडवावा लागतो. नट बहुधा १८ मिलीमीटरचे असतात, त्या मापाचा पाना पिशवीत ठेवा. आणि आसाला फिरू न देणारं आकडेदार वॉशर होतं त्याच बाजूने परत बसवा. ते उलटं बसलं तर आस फिरतो आणि वायर पिळवटून तुटते.

प्रश्न (म्युनिक, जर्मनी) : स.न.वि.वि. मूळचा सांगलीचा, सध्या नोकरीनिमित्त इथे. शनिवार-रविवारी आल्प्समध्ये १,२०० मीटरच्या आसपास चढाई होते. 'फुल पॉवर' २४ किलोंची घ्यावी की 'लाइट' १९ किलोंची, यावर मित्रांत दोन तट पडले आहेत. वजन ७५ किलो, तब्येत बरी. शिवाय पुढे भारतात परतताना सायकल सोबत आणता येईल का?

आधी बाजारातले आकडे पाहू. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्सची २०२४ ची पिढी साधारण २.८ किलोंची आहे. ती ८५ न्यूटन-मीटर आणि कमाल ६०० वॅट घेऊन आली, आणि २०२५ च्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर १०० न्यूटन-मीटर आणि ७५० वॅट देऊ लागली. लोखंड तेच, आज्ञावली बदलली. शिमानोची ईपी८०१ : २.७ किलो, ८५ न्यूटन-मीटर, ६०० वॅट. हलक्यांमध्ये टीक्यू एचपीआर५० : १.८५ किलो, ५० न्यूटन-मीटर, ३०० वॅट. फाझुआ राइड ६० : १.९६ किलो, ६० न्यूटन-मीटर, ४५० वॅट. बॉश एसएक्स सुमारे २ किलोंची, बाजारात आली तेव्हा ५५ न्यूटन-मीटरची. कमाल ६०० वॅट तीही देते, पण पाय भरभर फिरवले तरच. सावकाश दाबत चढणाऱ्याला ती कमजोर वाटते. मग २०२४ मध्ये ड्रोनवाल्या डीजेआयने ॲव्हिनॉक्स आणली : २.५२ किलो, १०५ न्यूटन-मीटर, ८५० वॅट, आणि बूस्टमध्ये, म्हणजे सर्वांत जास्त मदतीच्या पातळीवर, काही वेळ १२० न्यूटन-मीटर व १,००० वॅट. या मोटरची ॲमफ्लो सायकल ६०० वॅट-तासांच्या (वॅट-तास म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) बॅटरीसह १९.२ किलोंपासून मिळते, म्हणजे 'हलकी तर कमजोर' हे समीकरणच तिने मोडलं. तुमच्याकडे जर्मनीत सायकल उद्योगाच्या संघटनेने २०२५ मध्ये कमाल शक्तीला ७५० वॅटची मर्यादा सुचवली. त्यामागे ही चढाओढच आहे.

वजनातला फरक कुठून येतो ते पाहा. बॉश सीएक्स आणि टीक्यू यांच्या मोटरींमध्ये जेमतेम एक किलोचा फरक आहे. बॅटऱ्यांमध्ये मात्र, बॉशची ८०० वॅट-तासांची ३.९ किलो आणि टीक्यूची ३६० ची १.८३ किलो, असा दोन किलोंचा. उरलेले दोन किलो जाड टायर, मोठे ब्रेक आणि भक्कम फ्रेम खातात. म्हणजे 'हलकी मोटर' म्हणून जे विकलं जातं ते मुख्यतः 'लहान बॅटरी' असतं.

आता तुमचे १,२०० मीटर. कपडे-सामान-सायकल धरून १०५ किलो वर न्यायला ३४३ वॅट-तास लागतात. जंगलातल्या मुरमाच्या रस्त्याचं घर्षण धरून चाकावर ३९० च्या आसपास. तुम्ही दीड तास सलग १२० वॅट देत चढलात, तर १८० तुमचे. मोटरने २१० द्यायचे, आणि तिची कार्यक्षमता पाऊण धरली तर बॅटरीतून २८० जातात. म्हणजे ३६० ची लहान बॅटरी पुरते आणि थोडी उरतेही. पण हाच चढ पाऊण तासात उरकायचा, स्वतः १०० वॅट आणि मोटरकडून ४००, असं चढलात तर बॅटरीतून सव्वाचारशे जातात, आणि लहान बॅटरी माथ्याच्या बरीच खाली संपते.

पाच किलो जास्त वजनाची किंमत त्याच चढावर किती? बॅटरीतून २२ वॅट-तास, बस्स. चढावर सायकलचं वजन मोटरला जाणवतं, तुम्हाला फारसं नाही. मित्रांचा वाद चढावरच अडकलेला असेल तर तो चुकीच्या जागी अडकलाय. पाच किलो जाणवतात ते उतारावर : अरुंद वळणात सायकल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला टाकताना, झाडाच्या मुळावरून पुढचं चाक उचलताना, ओल्या दगडावर थांबताना. गुरांच्या फाटकावरून सायकल पलीकडे टाकताना, आणि बॅटरी संपल्यावर तर भलतेच. जड सायकलचा उतारावर एक फायदाही आहे. धसमुसळ्या खडबडीत वाटेवर ती स्थिर राहते, उडत नाही. वेगवान आणि दगडी उतार आवडत असतील तर २४ किलो वाईट नाहीत.

तुमच्या वर्णनावरून आमचा कौल हलकीकडे. तब्येत बरी आहे, एका दिवसाची चढाई १,२०० मीटर आहे, आणि टीक्यू-फाझुआसारख्यांना जादा बॅटरी बाटलीच्या जागी लावता येते. दोन दिवसांत तीन हजार मीटर करणार असाल किंवा सोबतचे सगळे 'टर्बो'वर, म्हणजे मोटरची पूर्ण मदत घेत, चढणारे असतील, तर मोठी घ्या, नाहीतर प्रत्येक वळणावर ते तुमची वाट पाहत थांबतील.

भारतात आणण्याबद्दल : १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात ना हातातल्या सामानात चालते ना चेक-इनमध्ये. तुमची लहानातली लहानही त्याच्या दुपटीहून मोठी. बॅटरी धोकादायक मालाच्या नियमांनुसार मालवाहतुकीने पाठवावी लागते. विकत घेण्याआधी आणखी एक चौकशी करा : ज्या शहरात परतणार तिथे त्या मोटरचं निदान करणारं यंत्र आणि सॉफ्टवेअर असलेला दुकानदार आहे का? या मोटरी त्रुटी दाखवून बंद पडतात तेव्हा पाना-स्क्रू-ड्रायव्हरने काही होत नाही.

प्रश्न (सातारा) : बाबा ६३ वर्षांचे, उजवा गुडघा कुरकुरतो. यवतेश्वरच्या घाटातून सकाळी चढावं अशी हौस. जितकी जास्त पॉवरची मोटर तितका गुडघ्याला आराम, हे गणित बरोबर का?

फक्त कमाल शक्ती पाहिली तर नाही. पेडलपाशी असलेल्या चांगल्या मोटरींत टॉर्क सेन्सर असतो. पाय जितका जोर देईल त्याच्या पटीत मोटर देते. चौपट मदतीची मोटर असेल आणि बाबा ७० वॅट देत असतील, तर मोटर २८० देणार. ती कमाल ६०० ची आहे की ८५० ची याने त्यांना फरक पडत नाही, कारण ते आकडे गाठण्याइतका जोर त्यांनी मुळात लावायचाच नाही. त्यांच्यासाठी पाहायचं ते मदतीचं प्रमाण, आणि गिअर किती हलका आहे ते.

आपल्याकडच्या चाकातल्या मोटरींना बहुतेक वेळा साधा पेडल सेन्सर असतो. पाय फिरताहेत इतकंच त्याला कळतं. हलके फिरवले तरी निवडलेल्या पातळीची पूर्ण मदत मिळते. गुडघ्याला हे सोयीचं, पण सुरुवातीला अर्धी ते एक फेरी मदतच येत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. चढावर थांबून पुन्हा निघताना नेमका गुडघा तिथेच दुखावतो. थांबण्याआधी गिअर सर्वांत हलक्यावर आणून ठेवायची सवय लावा. ब्रेकच्या दांडीत मोटर तोडणारा स्विच आहे का, तेही पाहून घ्या. मागचं चाक उचलून पेडल फिरवा आणि ब्रेक हलकेच दाबा : मोटर तत्काळ थांबली पाहिजे.

डांबरी घाटात ७ टक्के चढ, एकूण १०० किलो, ताशी १२ किलोमीटर, असं धरलं तर साधारण २७० वॅट लागतात. बाबांचे ७०, मोटरचे २००. एवढं चाकातली बरी मोटरही देते. वेग ताशी १२ च्या खाली फार वेळ जाऊ देऊ नका, आणि दहा किलोमीटरच्या अशा चढाला २५० वॅट-तास धरा. ३६ व्होल्ट गुणिले १०.४ अँपिअर-तास म्हणजे ३७४ वॅट-तासांची बॅटरी हवी. ७.६५ अँपिअर-तासांची २७५ ची बॅटरी नवी असताना कशीबशी पुरेल, दोन वर्षांनी नाही.

गुडघ्यासाठी मोटरइतकंच महत्त्व मापांना. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेलं की पाय सरळ व्हावा, सीटची उंची तेवढी. क्रँक १७५ मिलीमीटरऐवजी १६५ किंवा १६० घेतली तर गुडघा वरच्या टोकाला कमी दुमडतो. मिनिटाला ७५ ते ८० फेऱ्या. आणि वजन या बाबतीत पाहायचं ते चढासाठी नव्हे : २४ किलोंची सायकल घराच्या तीन पायऱ्या चढवताना आणि स्टँडवरून काढताना त्याच गुडघ्यावर भार येतो. ताशी ६ किलोमीटरपर्यंत ढकलायला मदत करणारं 'वॉक' बटण असलेली सायकल मिळाली तर तीच घ्या. गुडघ्याच्या डॉक्टरांना मात्र आधी विचारा.

प्रश्न (कोल्हापूर) : कंपनीच्या पत्रकात १७.५ किलो, घरी तोलली तर १९.४. फसवणूक समजायची का?

फसवणूक म्हणता येणार नाही, चलाखी म्हणा. पत्रकातलं वजन बहुतेकदा सर्वांत लहान किंवा मधल्या मापाच्या फ्रेमचं, पेडलशिवाय, ट्यूब काढून सीलंट (भोक बुजवणारा द्रव) भरलेल्या टायरांसह असतं. काही ठिकाणी तर बॅटरीशिवाय, बारीक अक्षरांत. पेडलची जोडी ३५० ते ४५० ग्रॅम. २९ इंची ट्यूब प्रत्येकी दोनशे ते अडीचशे. मोठ्या मापाची फ्रेम आणखी दोनशे-तीनशे. घंटी, रिफ्लेक्टर, बाटलीचा स्टँड, कुलूप, सीटखालची पिशवी, सगळं मिळून किलोभर सहज. तुमचे १.९ किलो यातच सापडतील.

तोलताना न्हाणीघरातल्या काट्यावर सायकल उचलून उभं राहू नका, त्यात अर्ध्या किलोची चूक सहज होते. सामान तोलायचा ५० किलोंचा टांगता डिजिटल काटा घ्या, सीटपाशी वरच्या नळीला पट्टा अडकवा, आणि दोन्ही चाकं जमिनीवरून सुटू द्या. एकदा बॅटरीसह, एकदा काढून. दोन्ही आकडे लिहून ठेवा, पुढे गाडीच्या कॅरिअरला लागतील.

वजन कमी करायच्या भरात पातळ टायर मात्र घालू नका. ८५० ग्रॅमचा टायर आणि १,२०० ग्रॅमचा टायर यांत सातशे ग्रॅम वाचतात जोडीमागे, पण जड सायकलीखाली पातळ टायर दगडावर रिमपर्यंत दबतो आणि बाजूने फाटतो. सह्याद्रीतला बेसॉल्ट यात दयामाया दाखवत नाही. निदान मागचा जाडच ठेवा.

प्रश्न (पुणे) : मधल्या, म्हणजे पेडलपाशी असलेल्या मोटरची सायकल आहे. दहा-पंधरा मिनिटं खडा चढ चढलो की मदत कमी होते. बॅटरी ६० टक्के दाखवते. मोटर कमकुवत निघाली का?

बहुधा मोटर ठीक आहे आणि गिअर चुकतोय. तापमान ठराविक मर्यादेपर्यंत गेलं की मोटर स्वतःच हात आखडता घेते. दहा मिनिटं सावलीत थांबून पुन्हा पूर्ण जोर आला, तर कारण उष्णताच.

का तापते ते समजून घ्या. मोटरच्या तारांतून जाणारा प्रवाह टॉर्कच्या प्रमाणात असतो, आणि तारांत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या. ४०० वॅट हवे आहेत. मिनिटाला ४५ फेऱ्यांनी जड गिअर दाबत चढलात तर त्यासाठी ८५ न्यूटन-मीटर लागतात. ८० फेऱ्यांनी चढलात तर ४८ च. वेग तोच, शक्ती तीच, पण पहिल्या पद्धतीत तारांत तिपटीहून जास्त उष्णता. मोटर आहे म्हणून जड गिअरवर रेटायची सवय मोटरसायकलवरून येणाऱ्यांना हमखास असते. गिअर दोन-तीन पायऱ्या हलका करा, पाय भरभर फिरवा. गिअर बदलताना अर्धा क्षण जोर सैल करायला विसरू नका, नाहीतर बारा गिअरची नाजूक साखळी तुटते. साखळीची झीज मोजणारं साखळीमाप ०.५ टक्के दाखवू लागलं की साखळी बदला. उशीर केलात तर कॅसेटही बदलावी लागेल.

थांबूनही जोर परत येत नसेल तर बॅटरीकडे पाहा. ३६ व्होल्टच्या बॅटरीत दहा सेल ओळीने असतात : भरलेली ४२ व्होल्ट, तिसाच्या आसपास तोडली जाते. मोटर चाकावर ६०० वॅट देते तेव्हा बॅटरीतून वीसेक अँपिअर ओढते. जुन्या सेलांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे तेवढ्या ओढीला व्होल्टेज दोन-तीन व्होल्टनी खचतं. शेवटच्या २०-२५ टक्क्यांत हे सगळ्याच बॅटऱ्यांत जाणवतं. ६० टक्क्यांवर जाणवत असेल तर बॅटरी म्हातारी झालीय किंवा एखादा सेल-गट मागे पडलाय. सेवा केंद्रात क्षमता मोजून घ्या. त्याआधी बॅटरीचे संपर्क पुसून पाहा. पावसाळ्यात तिथे हिरवट थर धरतो आणि नेमकी अशीच लक्षणं दाखवतो.

धुताना प्रेशर वॉशर मोटरच्या जोडावर अजिबात मारू नका. पाणी क्रँकच्या सीलमधून बेअरिंगपर्यंत जातं, आणि दोन महिन्यांनी घरघर सुरू होते. बादली, मऊ ब्रश, फडकं. लाल मातीतून आलात तर ती वाळण्याआधी.

प्रश्न (नागपूर) : २५ किलोमीटरची मर्यादा काढणारं किट ऑनलाइन मिळतं. सपाटीवर ४० चा वेग मिळेल म्हणतात. बसवू का?

नको. मर्यादा काढली की ती कायद्याने मोटार वाहन झाली : नोंदणी, विमा, परवाना सगळं लागणार, आणि तुमच्या सायकलकडे त्यातलं काहीच नाही. वॉरंटी जाते, कारण मोटरच्या आत नोंद राहते. आणि हवा काही किट बसवत नाही. वेग २५ वरून ४० झाला की हवेचा सामना करायला लागणारी शक्ती चौपट होते, बॅटरी तशीच रिकामी होते. डोंगरातल्या सायकलचे रुंद टायर आणि ताठ बसण्याची ढब त्यात भर घालतात. ४० ने जायचं असेल तर स्कूटर घ्या.

प्रश्न (ठाणे) : छोटी कार आहे, डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचं कॅरिअर घेतलंय. दोन इलेक्ट्रिक माउंटन बाइक त्यावर नेता येतील?

कॅरिअरवरचा आकडा वाचा. पट्ट्यांची कॅरिअर बहुधा प्रत्येक सायकलीमागे १५ किलोंची असतात. २३ किलोंच्या दोन सायकली म्हणजे ४६ किलो, आणि खड्ड्यात आदळताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. दाराच्या बिजागऱ्या वाकतात आणि पट्टे सरकतात. बॅटऱ्या काढल्या तर प्रत्येकी तीन-साडेतीन किलो कमी होतील, तरी १५ च्या आत येणार नाहीत. टोइंग हुकवर बसणारं, प्रत्येकी ३० किलो पेलणारं कॅरिअर हवं, आणि हुकवरचा कमाल उभा भार किती चालतो हे गाडीच्या पुस्तिकेत पाहायला हवं. त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही मोजतात.

दोघांचीच सहल असेल तर मागच्या सीट पाडा, पुढची चाकं काढा आणि सायकली आतच आडव्या ठेवा. चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची फट-पट्टी किंवा दुमडलेला पुठ्ठा घाला, नाहीतर दांडी चुकून दाबली की पॅड एकमेकांना चिकटतात. बॅटऱ्या काढून कापडात गुंडाळून पायांपाशी, उन्हाबाहेर ठेवा, आणि फ्रेममधल्या मोकळ्या संपर्कांवर झाकण किंवा निदान चिकटपट्टी लावा.